पहाटे तीन दहाची पाळी

पाटकरी आदेलिनो हाक मारत नाही,
नुसता विजेरीचा झोत भिंतीवरून फिरवतो
आणि झुल्मिरा उठते.
तीन दहा ते चार वीस,
सत्तर मिनिटं पाटाचं पाणी आपलं,
मग खालच्या केळीवाल्यांचं.

तीस वर्षं मी काराकासमध्ये पाव भाजले,
तीस वर्षं माझी बहीण या वेळेला उठली.
मदेइराला परत आलो तेव्हा
घरावर नवा पत्रा होता, कुत्रा ओळख दाखवेना,
आणि मागच्या तिन्ही टप्प्यांवर
एकमेकींच्या अंगावर रेललेल्या एस्त्रेलीसिया,
इतक्या दाट की मधे हात शिरेना.
केशरी तुरे, निळी जीभ,
चोचीतून ओघळलेला चिकट रस,
आणि त्यात अडकलेली एक मुंगी,
जी अजून मला आठवते, का कोण जाणे.

मला ती दाटी बघवेना.
भट्टीवाल्याची सवय: गोळा फुगला की तोडायचा,
एकाचे दोन.
झुल्मिरा दात काढायला फुंशालला गेली
त्या मंगळवारी मी कुदळ घेतली.
मुळं अंगठ्याएवढी जाड, गाजरासारखी ठिसूळ,
तुटताना कडक् वाजायची.
एका गड्ड्याचे चार केले,
मधे हातभर अंतर, दोरी धरून ओळ,
आणि वाऱ्यानं हलू नयेत म्हणून
चांगली गळ्यापर्यंत माती.

ती आली. गाल सुजलेला, तोंडात कापूस.
ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली,
मग गुडघे टेकून
एकेका रोपाच्या गळ्याभोवतीची माती
बोटांनी उकरायला लागली.
कापसातून एवढंच म्हणाली,
"मान गाडायची नसते, फिर्मिनो."

पहिल्या वर्षी फूल नाही.
दुसऱ्या वर्षी नाही.
पानं आली, ती समुद्राच्या वाऱ्यानं चिरून झालर झाली.
बाजारात बेनविंदा विचारायची,
काय गं, तुझे पक्षी कुठे उडाले?
झुल्मिरा म्हणायची, मुळं दुखावलीत, जागा चाचपतायत.
माझ्याकडे न बघता म्हणायची.

मी खत ओतलं.
तिनं पोतं उचलून कोंबड्यांच्या खुराड्यामागे ठेवलं.
मी दुपारचं पाणी घातलं.
तिनं माझा बूट त्या चिखलात रुतवून दाखवला.
शेवटी माझ्या वाट्याला एकच काम उरलं.

तेव्हापासून तीन दहाला मी उठतो.
झोत फिरला की फळी उचलतो.
पाणी आधी थबकतं,
मग अंधारात कुणी चादर ओढून घ्यावी तसा आवाज
पहिल्या टप्प्यावरून दुसऱ्यावर.
खाली समुद्रात मासेमाऱ्यांचे दिवे.
गावात अजून मी "तो व्हेनेझुएलावाला",
आदेलिनोसुद्धा परवापर्यंत तेच म्हणायचा.
चार वीसला फळी खाली.
एक मिनिट वर नाही; केळीवाले जागेच असतात.

चौथ्या जानेवारीत,
दोरीच्या ओळीत न बसलेल्या,
कोपऱ्यात कशाही खुपसलेल्या तुकड्याला
एक चोच आली.
आडवी, हिरवी, कडेला लाल रेघ.
आठवड्यानं एक तुरा उभा राहिला आणि आठवड्यानं सुकला,
संपलं म्हणून मी कात्री आणली.

झुल्मिरानं कात्री काढून घेतली.
माझा अंगठा तांब्यातल्या पाण्यात बुडवला,
चोचीच्या फटीत घातला.
"ओढू नकोस. खालून वर उचल.
आत अजून एक आहे."
बोलताना तिची दाताची ती रिकामी जागा दिसली,
तिथं तिनं काही बसवून घेतलंच नाही.

आत काहीतरी ओलं, घडी घातलेलं,
अंगठ्यावर रेललं.

त्या दिवशी पावाचं पीठ मळताना
अंगठा तेवढा चिकटत राहिला.
मी धुतला नाही.